मोबाईल स्टार्टरची वंशावळ

जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की विहिरीची वाट उसातून जाते आणि उसात बिबट्या असतो. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र उगाच उभं राहिलेलं नाही. त्यामुळे विहिरीवरच्या पेटीत मोबाईल स्टार्टर बसवणं ही इथं चैन राहिलेली नाही. घरून फोन लावायचा, मोटर चालू. परत फोन लावायचा, मोटर बंद.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’नं ही कल्पना महाराष्ट्रात रुळवली, नोकियाच्या स्पर्धेत २००९ साली तिला पारितोषिकही मिळालं. आता बऱ्याच कंपन्यांच्या पेट्या मिळतात. आणि नारायणगाव, मंचर, ओतूरकडचा एखादा डिप्लोमाचा मुलगा कोडिंग शिकायला लागला की त्याच्या डोक्यात पहिला प्रोजेक्ट हाच येतो: आपल्या विहिरीसाठी आपणच स्टार्टर बनवायचा. पुण्याच्या बुधवार पेठेतून आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, सिम८००एल नावाचं चिमुकलं जीएसएम मॉड्यूल आणि रिले आणायचा, प्रोग्राम उतरवून घ्यायचा आणि दोन दिवसांत अडून बसायचं. मग ज्याला त्याला विचारत सुटायचं.

हे प्रश्न ठरलेले असतात. पोर्ट दिसत नाही. पडद्यावर भलतीच अक्षरं येतात. ‘एटी’ पाठवलं तर मॉड्यूल गप्प. फोन लागताच सगळं रिसेट. मुलाला वाटतं आपलं कोड चुकलं, म्हणून तो ओळी बदलत राहतो. खरं तर यातल्या एकेका अडचणीचं मूळ त्याच्या जन्माआधीच्या कुठल्यातरी यंत्रात आहे, आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अभ्यासक्रमात ‘फॉर लूप’ असतो. तारेचा इतिहास नसतो.

भलत्या अक्षरांपासून सुरुवात करू. एमिल बॉदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्यानं १८७४ साली पाच खुणांच्या संकेताचं पेटंट घेतलं. प्रत्येक अक्षराला पाचच खुणा, त्याही सारख्या वेळेच्या. मोर्सच्या टिंबरेघांची लांबी कमीजास्त असायची, ती समजायला माणसाचा कान लागायचा. बॉदोच्या संकेतात यंत्राला यंत्राचं बोलणं कळायची सोय झाली. बॉड हा वेगाचा शब्द त्याच्याच नावावरून आलेला. पण दोन्ही टोकांची यंत्रं एका तालात कशी ठेवायची? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत चार्ल्स क्रम आणि त्यांचा मुलगा हॉवर्ड यांनी साधा तोडगा काढला. प्रत्येक अक्षराच्या पुढे सुरुवातीची खूण, मागे थांब्याची. ताल जुळवायचा तो एका अक्षरापुरता, मग पुढच्या अक्षराला पुन्हा नव्यानं. टेलिप्रिंटर यावर चालले. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत पीटीआयच्या बातम्या खडखडत उतरायच्या त्या याच पद्धतीनं.

आर्डुइनोतून सिम८००एलकडे जाणारी तार आजही हेच करते. वेग ९६०० ठेवला तर एका खुणेला साधारण १०४ मायक्रोसेकंद मिळतात. मोकळ्या ओळीवर व्होल्टेज वर असतं. ते खाली आलं की समोरचा समजतो, अक्षर येतंय. मग आठ खुणा, शेवटी थांबा. म्हणजे एका अक्षराला दहा खुणा आणि सेकंदाला ९६० अक्षरं. तारेत घड्याळ नाही. ऐकणारा आपल्याच घड्याळानं मोजतो आणि खुणेच्या मधोमध बघतो, व्होल्टेज वर की खाली. बोलणारा ९६०० वर आणि ऐकणारा १,१५,२०० वर असला तर एकाच खुणेच्या वेळात तो बारा वेळा बघून मोकळा होतो. मग पडद्यावर कचराच येणार. ९६०० तरी कुठून आलं? ७५, १५०, ३००, ६०० अशी टेलिप्रिंटरच्या काळातली दुप्पट-दुप्पट चढण आहे. ती सात वेळा चढली की ९६०० येतं. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारयंत्राचा हा हिशेब मात्र विहिरीवरच्या पेटीत अजून चालू आहे.

‘एटी’ला उत्तर न येणं याचीही गोष्ट आहे. १९८१ साली डेनिस हेज यांच्या कंपनीनं स्मार्टमोडेम बाजारात आणला. तोवर मोडेमला नंबर फिरवायला सांगण्याची सरसकट सोय नव्हती. हेजच्या मोडेमला, माहिती जायची त्याच तारेवरून हुकूमही देता यायचे, आणि प्रत्येक हुकमाची सुरुवात ‘एटी’नं. हीच भाषा इतरांनी उचलली, पुढं जीएसएमच्या मानकात घेतली गेली, आणि आज तीनचारशे रुपयांच्या मॉड्यूललाही तीच समजते. हुकूम संपला हे त्याला कळतं ते ‘कॅरेज रिटर्न’ या खुणेनं. टेलिप्रिंटरचा छापणारा गाडा डावीकडे परत आणायची ती खूण. कागद एक ओळ वर सरकवायची खूण वेगळी. १९६३ सालच्या टेलिटाइप ३३ या यंत्रावर गाडा परत येतानाची घरघर कानांनी ऐकू यायची. आर्डुइनोच्या सीरियल मॉनिटरमध्ये खाली ‘ओळीच्या शेवटी काही नको’ हा पर्याय निवडलेला राहिला तर गाडा परत येत नाही, आणि मॉड्यूल वाट बघत बसतं. मुलगा म्हणतो मॉड्यूल खराब निघालं. दुकानदार बदलून देतो. दुसरंही ‘खराब’ निघतं.

एसएमएस पाठवताना मजकूर संपल्याची खूण म्हणून २६ क्रमांकाचं अक्षर द्यावं लागतं, तेही ‘कॅरेज रिटर्न’ ज्यात आहे त्याच ‘आस्की’ या जुन्या अक्षरसंकेताच्या कोष्टकातलं. ते दिसत नाही म्हणून निम्मी पोरं तिथं अडतात.

पोर्टचं प्रकरण मात्र अलीकडचं. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली आलं. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीत त्याच मानकाचं सीरियल पोर्ट लावता यायचं. विंडोजमधलं ‘कॉम३’ हे नाव त्या घराण्यातलं. १९९६ साली यूएसबी आलं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत अजय भट्ट होते, बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. यूएसबीनं जुनी नऊ पिनांची खोबण लॅपटॉपवरून घालवली, पण बोर्डावरची चिप जुनीच भाषा बोलत राहिली. मग मध्ये दुभाषा बसला. मूळ बोर्डांवर एक, स्वस्तातल्या नकलांवर सीएच३४० नावाचा दुसरा. हा दुभाषा संगणकाला ओळखीचा नसला, म्हणजे त्याचा ड्रायव्हर नसला, की पोर्ट दिसत नाही. लिनक्सवर दिसलं तरी उघडता येत नाही, कारण ‘डायलआउट’ गटाची परवानगी लागते. गट मोडेमच्या काळातला, पाटी तीच. आणि कधी कधी यातलं काहीच कारण नसतं, केबल नुसती चार्जिंगची असते. आधी ती बदलून पाहावी.

इथवरची वंशावळ तारयंत्राची. फोन लागताच सगळं रिसेट होणं हे दुसऱ्या घराण्यातून आलंय. जीएसएम फोन सलग बोलत नाही. सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटके देत बोलतो. जुन्या रेडिओजवळ मोबाईल ठेवला की रिंग वाजायच्या आधी जी टर्रटर्र यायची, ती हीच. प्रत्येक झटक्याला सिम८००एल दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं आणि त्याला लागतात ३.४ ते ४.४ व्होल्ट. आर्डुइनोच्या पिनेवरून हा करंट मिळणं शक्यच नाही. व्होल्टेज बसतं आणि मॉड्यूल मरून पुन्हा उठतं. यावर इलाज प्रोग्राममध्ये नाही. वेगळा सप्लाय, जाड वायर आणि मॉड्यूलला चिकटून एक मोठा कपॅसिटर, एवढंच. सिमचीही एक मेख आहे. हे मॉड्यूल टूजीवर चालतं, आणि २०१६ साली आलेल्या जिओकडे टूजी नाहीच. घरात जास्तीचं पडलेलं जिओचं सिम त्यात घालून दिवस दिवस घालवणारे बरेच आहेत.

आता रिले. रिले तारयंत्राच्याच काळातला: दूरवरून दमून आलेल्या करंटनं जवळच्या ताज्या बॅटरीची कळ दाबायची. पण शेतीपंपाच्या डीओएल स्टार्टरला स्वतःचा स्वभाव आहे आणि तो कोड लिहिणाऱ्याला माहीत नसतो. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि आपल्याच एका संपर्कानं स्वतःला धरून ठेवतो. बोट काढलं तरी मोटर चालू. लाल दाबलं की ते धरणं सुटतं. वीज गेली तरी सुटतं, आणि वीज परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. ही सुरक्षितता मुद्दाम ठेवलेली आहे. प्रोग्राम लिहिणारा मात्र ‘मोटर चालू’ म्हणजे रिले चालू ठेवणं असं धरतो. हिरव्या बटणाला जोडलेला रिले दाबलेलाच राहतो, आणि वीज आली की मोटर आपणहून सुरू होते. म्हणजे पोरानं नकळत ‘ऑटो’ बनवला! ऑटो स्विच काढा म्हणून महावितरण शेतकऱ्यांच्या मागे लागलेलं असतं, कारण वीज येताच डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. बरोबर रीत अशी: एक रिले हिरव्याला समांतर, दुसरा लालच्या साखळीत, आणि दोन्ही एखाद सेकंद दाबून सोडायचे. बोट करतं तेच करायचं.

हे सांगणारा माणूस गावात असतो. मोटर रिवाइंडिंगवाला. वायंडिंग कशानं जळालं हे वासावरून सांगणारा हा माणूस अशा प्रोजेक्टला फार उपयोगी, पण कॉम्प्युटरवाले त्याच्याकडे जात नाहीत आणि तोही आपणहून कॉम्प्युटरवाल्यांत बोलत नाही. मला यात दोष शिकवणाऱ्यांचा वाटतो.

दूरवरच्या यंत्राला हुकूम देण्याचं या भागातलं सगळ्यात मोठं काम नारायणगावजवळ खोडदला चालतं. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९०च्या दशकात उभ्या राहिलेल्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. काही मध्यभागी दाटीनं, बाकीच्या इंग्रजी ‘वाय’सारख्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्यांना हुकूम जातो एका नियंत्रण कक्षातून, प्रकाशतंतूवरून. प्रत्येक तबकडीच्या पायथ्याशी एक संगणक; मूळ रचनेत त्याला एबीसी म्हणजे अँटेना बेस कॉम्प्युटर म्हणत, आणि त्याच्या हाताखालची मॉड्यूलं त्याच्याशी सीरियल तारेवर बोलत. कूळ तेच. फरक एका गोष्टीचा आहे आणि तो मोठा आहे: तबकडी वळव म्हटल्यावर ती वळलीच असं इथं कुणी धरत नाही. अक्षावरचा एन्कोडर आत्ताचा कोन उलट कळवतो, तो मागितलेल्या कोनाशी ताडला जातो, आणि फरक मिटेपर्यंत मोटर फिरते.

विद्यार्थ्यांच्या स्टार्टरमध्ये बहुतेक वेळा हेच राहून जातं. रिले दाबला की प्रोग्राम ‘मोटर चालू’ असा एसएमएस धाडतो. तिकडं एक फेज गेलेला असतो, किंवा विहिरीत पाणीच नसतं. शेतकरी निर्धास्त झोपतो. करंट मोजणारा एक सेन्सर लावला तर खरं काय ते कळतं. तिन्ही फेजला लावले तर मोटर वाचते. विकतच्या चांगल्या पेट्यांची किंमत मुख्यतः या परतीच्या निरोपासाठी असते, फोन उचलण्यासाठी नव्हे.

शिकायला जागा नाही असंही नाही. आंबेगावच्या शेजारी, शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, हातानं काम करत शिकायचं या धोरणावर. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या फॅब लॅबच्या कल्पनेतली एमआयटीबाहेरची अगदी सुरुवातीची प्रयोगशाळा २००२ साली याच पाबळला आली. इटलीतल्या इव्रेआ गावी आर्डुइनो जन्मला तो त्यानंतर, २००५ साली. खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळा-कॉलेजांचं प्रदर्शन भरतं आणि हजारोंनी लोक येतात. तिथं असा प्रोजेक्ट दिसला तर ‘छान आहे’ म्हणून पुढं जाऊ नका. फेज गेला तर तुझ्या पेटीला कळतं का, आणि वीज गेली-आली तर मोटर आपोआप उठते का, एवढे दोनच प्रश्न विचारा.

मदत मागणाऱ्या पोरांनीही ‘चालत नाही’ एवढ्यावर थांबू नये. बोर्ड कुठला, वेग किती ठेवला, मॉड्यूलपाशी फोन लागताना मीटरवर किती व्होल्ट दिसले आणि पडद्यावर नेमकं काय उमटलं, हे चार मुद्दे लिहून विचारावं. निम्मी उत्तरं लिहितानाच मिळतात. पहिली चाचणी मोटरीवर घेऊ नका, कमी व्होल्टच्या बल्बवर घ्या. आणि ४१५ व्होल्टच्या पेटीला हात लावायचा असेल त्या दिवशी मेन स्विच खाली पाडा, वायरमनला बोलवा आणि तो येईपर्यंत पेटी उघडू नका.