मृत कलम

'बरखास्त' हा शब्द मी रेडिओवरच्या बातम्यांत शिकलो. फेब्रुवारी १९८०. शरद पवारांचं पुलोद सरकार गेलं. विधानसभेत हरलं वगैरे नव्हतं, दिल्लीहून आदेश आला इतकंच. त्या दिवशी एकूण नऊ राज्यांची सरकारं गेली. बाबा जनता पक्षवाले. मला वाटलं, चिडतील. तर म्हणाले, "सत्त्याहत्तर साली आपण हेच केलं की." खरंच होतं ते. आणीबाणी सोसून आलेल्यांनीच तेव्हा काँग्रेसची नऊ राज्यं बरखास्त केली होती, आणि सुप्रीम कोर्टाने आड यायचं नाकारलं होतं.

हे सारं कलम ३५६ च्या जोरावर. हे कलम कागदावरच पडून राहील, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत बोलून दाखवली होती. पुढच्यांच्या सभ्यतेवर केवढी भिस्त! असो.

लगाम लागला तो एस. आर. बोम्मईंमुळे. एप्रिल १९८९ मध्ये कर्नाटकात ते म्हणत होते, माझं बहुमत सभागृहात मोजा. राज्यपालांनी ऐकलं नाही, सरकार गेलं. ११ मार्च १९९४ ला नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला: बहुमत सभागृहातच ठरेल, राजभवनात नाही, राष्ट्रपतींची घोषणा कोर्ट तपासू शकेल, संसदेच्या मंजुरीआधी विधानसभा विसर्जित करता येणार नाही.

बोम्मईंना स्वतःला यातून काय मिळालं? काहीच नाही. कर्नाटकात १९८९ सालीच निवडणूक होऊन गेली होती, आणि त्यांचा पक्ष ती हरला होता.