तुकडे तयार असतात, विमान नसते

प्लास्टिकच्या किटमधून युद्धकाळातल्या लढाऊ विमानाची प्रतिकृती करणे हा फार तर हात गुंतवून ठेवणारा विरंगुळा आहे, असे इतिहासाच्या अभ्यासकांपासून चित्रकारांपर्यंत बहुतेकांचे मत असते. त्यामागचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. तुकडे कारखान्यात ओतून आलेले असतात. कोणता तुकडा कुठे बसतो हे क्रमांकांसह सूचनापत्रकात दिलेले असते. रंगांचा तक्ता शेवटच्या पानावर, चिन्हांचे डीकॅलही तयार. मग करणाऱ्याकडे उरते काय? चिकाटी आणि स्थिर हात. लाकडातून विमान कोरणारा काही घडवतो, दप्तरे चाळणारा काही शोधतो. किट जोडणारा फक्त सांगितले तसे करतो. हा पूर्वपक्ष मी पूर्ण ताकदीनिशी मांडला आहे, कारण अर्धा मांडून खोडून काढण्यात काही हशील नाही.

माझे म्हणणे असे की, इतिहासकाराला जिथे गप्प राहता येते तिथे प्रतिकृती करणाऱ्याला राहता येत नाही. ‘इम्फाळच्या लढाईत हरिकेन विमानांनी टेहळणी केली’ एवढे लिहून ग्रंथकार पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. त्याच हरिकेनची प्रतिकृती करायची तर नाकाखाली धुळीसाठी बसवलेला हवा-फिल्टर होता का, पंखात तोफा किती होत्या, धडावरचे वर्तुळ केवढे होते, छायाचित्र डाव्या बाजूचे मिळाले तर उजवीकडे काय होते, या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. पुरावा मिळाला नाही म्हणून विमानाची एक बाजू कोरी सोडता येत नाही. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर काहीतरी विधान करावे लागते, आणि जो विधान करतो त्याच्यावर ते सिद्ध करण्याची जबाबदारी येते. तिला आज्ञापालन कसे म्हणायचे?

हेच हरिकेन जरा जवळून पाहू. 1944 साली भारतीय हवाई दलाचे पहिले स्क्वाड्रन अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली इम्फाळहून हरिकेन उडवत होते. इम्फाळच्या ईशान्येला, डोंगरात, सांगशाक येथे त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण जपानी लोंढ्याला अडवून लढली. तेव्हा या विमानांशी मराठी वाचकाचे नाते काही दूरचे नाही. युरोपातल्या ब्रिटिश विमानांवर निळे, पांढरे आणि मधोमध लाल असे वर्तुळ असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो लाल ठिपका घातक ठरला, कारण जपानी विमानांची खूण म्हणजे लाल गोळाच. गोंधळून आपल्याच विमानावर गोळी झाडली जाऊ नये म्हणून लाल रंग काढून टाकला गेला. गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका, असे चिन्ह आले आणि त्याचा आकारही लहान झाला. पुढे 1945 च्या आरंभी ओळख पटावी म्हणून पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टे आले. म्हणजे 1944 च्या उन्हाळ्यातल्या इम्फाळच्या हरिकेनवर पांढरे पट्टे रंगवले, तर ती प्रतिकृती कितीही सफाईदार असली तरी काळाच्या हिशेबात चुकलेली आहे. उलट पट्ट्यांवरून बिनतारखेच्या छायाचित्राचा काळ ठरवता येतो.

इथे मला वि. का. राजवाड्यांची आठवण होते. बखरीपेक्षा समकालीन अस्सल पत्राला मान द्यायचा, हा धडा त्यांनी मराठी इतिहासलेखनाला घालून दिला. किटच्या पेटीवरचे चित्र ही बखर आहे: रंगतदार, आवेशपूर्ण, आणि घटना घडून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तयार झालेली. अस्सल पत्र म्हणजे स्क्वाड्रनची रोजनामा-वही, जिच्यात त्या दिवशी कोण उडाले, कोणत्या क्रमांकाचे विमान घेऊन गेले, किती वाजता परतले याची नोंद असते. ब्रिटिश हवाई दलाच्या अशा वह्या लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. सूचनापत्रकावर ‘अमुक वैमानिकाचे विमान’ असे छापलेले असते तेव्हा ते त्याचे कोणत्या महिन्यातले विमान, हा प्रश्न या वह्यांवाचून सुटत नाही. युद्धात वैमानिक विमाने बदलत आणि विमाने वैमानिक बदलत.

छायाचित्र हा तर थेट पुरावा, असे कोणी म्हणेल. पण कृष्णधवल छायाचित्रसुद्धा वाचावे लागते. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरात होती. तिला लाल रंग जवळजवळ दिसत नाही, म्हणून लाल काळाकुट्ट उमटतो, पिवळाही काळवंडतो, आणि निळा मात्र असतो त्याहून फिकट येतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हेच नाते वेगळे दिसते. वर्तुळाची बाहेरची पिवळी कड काळी दिसली म्हणून ती काळी रंगवणारा फसतो. फिल्म ओळखून मग रंग ठरवणारा पुराव्याची परीक्षा करत असतो, आणि तीही जबाबदार इतिहासकाराइतकीच काटेकोर.

आता तुकडे ‘तयार’ असण्याचा मुद्दा. किटचा साचा हासुद्धा कोणाचा तरी अर्थ आहे, आणि तो साच्याच्या मर्यादांनी बांधलेला आहे. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबून भरतात. फार पातळ कड तिथे नीट उमटत नाही. म्हणून पंखाची मागची धार जाड येते. 1/72 प्रमाणात ती 1 मिलिमीटर असेल तर खऱ्या विमानावर 7 सेंटिमीटरहून जाड होईल. पत्र्यांच्या सांध्याच्या रेषा 0.2 मिलिमीटर रुंद कोरल्या तर खऱ्या विमानाच्या पत्र्यांत जवळपास दीड सेंटिमीटरची फट पडेल. अशी फट घेऊन कोणी ताशी 300 मैलांच्या वेगाने उडत नसे. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग धातूच्या नळ्यांवर लाकडी पट्ट्या आणि वर कापड असा होता. कापडावर डोप हे लुकण चढवले की ते आकसून ढोलकीच्या पुडीसारखे ताणले जाई. किटमध्ये मात्र पट्ट्यांच्या मध्ये कापड झोळासारखे लोंबलेले दाखवतात. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्या उंचवट्यांवरून हलके फिरवत जायचे, मध्येच प्रकाशाकडे तिरपे धरून पाहायचे, पट्ट्या नुसत्या जाणवतील एवढ्या राहिल्या की थांबायचे. कुठे थांबायचे हे कोणत्याही पत्रकात छापलेले नसते.

खोल रेषा आणि त्यांत भरलेला काळा रंग म्हणजे वास्तवता, हा समज या छंदातल्या जाणत्यांमध्येही मूळ धरून आहे, म्हणून आणखी एक दाखला देतो. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या घडणीच्या काळात सपाट रिव्हेट महाग आणि वेळखाऊ पडत होते. घुमटाकार रिव्हेट लावले तर किती वेग जाईल हे पाहायचे होते. तेव्हा सपाट रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळी चिकटवून विमान उडवले गेले. वेग ताशी सुमारे 22 मैलांनी घटला. मग एकेका भागावरच्या डाळी काढून पुन्हा पुन्हा उडवून पाहिले, आणि घुमटी रिव्हेट कुठे परवडतील हे ठरले: पंखांवर मुळीच नाही, धडाच्या मागच्या भागावर चालतील. या विमानाच्या त्वचेचा गुळगुळीतपणा असा मोजूनमापून मिळवलेला आहे. त्याच्या पंखावर खड्ड्यांच्या रांगा दाखवणे म्हणजे ज्या गुणासाठी एवढी खटपट झाली तोच गुण पुसून टाकणे.

‘संग्रहालयात खरे विमान उभे आहे, ते पाहून रंगवा’ असा एक सल्ला नेहमी मिळतो. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन आणि स्पिटफायर दोन्ही आहेत, आणि आकार समजून घ्यायला त्यांच्यासारखा गुरू नाही. रंगासाठी मात्र सावध राहावे. जतन केलेल्या विमानांना नवे रंग चढत गेलेले असतात. जपानी झिरो हे लढाऊ विमान अनेक दशके पांढरट करड्या रंगात दाखवले जात होते. पाडलेल्या विमानांच्या जपून ठेवलेल्या पत्र्यांवरच्या रंगाचे थर तपासले गेले तेव्हा त्या करड्यात हिरवट-पिवळी झाक स्पष्ट झाली. उन्हापावसात त्यावर खडूसारखा पांढुरका थर येई. हे नमुने गोळा करून ताडून पाहण्याचे बरेचसे कष्ट या छंदातूनच तयार झालेल्या अभ्यासकांनी घेतले.

आणि ‘खेळणे’ म्हणून ज्याची बोळवण होते त्या 1/72 प्रमाणाचा इतिहास तरी काय सांगतो? 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये स्कायबर्ड्सच्या लाकडी आणि फ्रॉग पेंग्विनच्या प्लास्टिक किटांनी ते रुजवले. 1942 मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणात पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या, त्या तोफचींना शत्रू आणि मित्र यांची विमाने ओळखायला शिकवण्यासाठी. 35 फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरच्या विमानाएवढी दिसते. तिच्या पंखाचा कोन चुकला तर आपलेच विमान पडले असते.

पेटी उघडून, पत्रकाबरहुकूम जोडून, आनंद घेऊन थांबणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या आनंदाला कोणी नावे ठेवू नयेत. पण त्यांच्यावरून साऱ्या विद्येचे मोल ठरवणे म्हणजे कीर्तन ऐकणाऱ्यांवरून कीर्तनकाराची परीक्षा करणे. आपल्याकडच्या प्रदर्शनांत परीक्षक सांधे, रंगाची सफाई आणि डीकॅलच्या कडा तपासतात, ते तपासावेच. त्याबरोबर प्रत्येक प्रतिकृतीशेजारी पुराव्याची एक चिठ्ठी मागायला हवी, आणि गुण तिलाही द्यायला हवेत. इम्फाळच्या हरिकेनची चिठ्ठी साधारण अशी असेल: डावी बाजू छायाचित्रावरून, विमानाचा क्रमांक रोजनामा-वहीशी पडताळलेला, पांढरे पट्टे काळ जुळत नसल्याने वगळले, मागच्या धडाचे कापड किटमधल्यापेक्षा सपाट केले, उजव्या बाजूचे अक्षर अनुमानाने, नवे छायाचित्र मिळाल्यास बदलण्यात येईल.