संयुक्त पदवी-वैद्यकीय अभ्यासक्रम (अमेरिका)

शालेय शिक्षण संपतानाच पदवी आणि वैद्यकीय महाविद्यालय अशा दोन्हींचा प्रवेश एकत्र देणारी अमेरिकेतील शिक्षणयोजना. ‘बीएस-एमडी’ या नावाने ती ओळखली जाते. एरवी तेथे चार वर्षांची पदवी आणि एमकॅट ही परीक्षा पार केल्यावर वैद्यकीय शिक्षण सुरू होते. भारतात मात्र बारावीनंतर ‘नीट’ देऊन थेट एमबीबीएसला जाता येते. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत हा संयुक्त अभ्यासक्रम सहा वर्षांचा, तर ब्राउन विद्यापीठात आठ वर्षांचा आहे.

प्रवेशाची शक्यता फार कमी असते. ब्राउनमध्ये शंभर अर्जदारांत जेमतेम दोन-तिघांची निवड होते. उत्तम गुण जवळजवळ सर्वांकडेच असल्याने खरी निवड पुढील गोष्टींवरून होते : रुग्णालयातील सेवा, डॉक्टरांसोबत राहून केलेले निरीक्षण, संशोधन, निबंध आणि मुलाखत. ‘डॉक्टरच का, परिचारिका का नाही?’ या प्रश्नाला सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या अनुभवातून उत्तर द्यावे लागते. पाठ केलेले उत्तर तिथे उघडे पडते. राज्यातील रहिवाशांना काही ठिकाणी प्राधान्य असते. परदेशी नागरिकांना अनेक संस्था घेतच नाहीत. त्यामुळे अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही अट सर्वांत आधी तपासावी. मिळालेली जागाही बिनशर्त नसते : पदवीच्या काळात गुणांची ठरावीक सरासरी राखावी लागते आणि काही संस्थांत एमकॅटचे किमान गुणही लागतात.