मत्सराचं गणित

बर्ट्रांड रसेल म्हटलं की आपल्याला गणित आणि तत्त्वज्ञान आठवतं. फार तर तुरुंगात गेलेला, अणुबॉम्बच्या विरोधात रस्त्यावर बसलेला म्हातारा आठवतो. पण या माणसानं एक प्रयोग गणिताबाहेर, स्वतःच्या घरात केला होता. त्यात त्याची भागीदार होती त्याची दुसरी बायको, डोरा. लग्न करायचं, मुलं वाढवायची, पण एकमेकांवर मालकी सांगायची नाही. दुसरं कुणी आवडलं तर लपवायचं नाही, आणि समोरच्यानं त्यावरून आकांडतांडव करायचं नाही. हा प्रयोग साधारण 1921 ते 1932 असा अकरा वर्षं चालला. शेवटी वकिलांच्या ऑफिसात संपला.

"ओपन मॅरेज" हा शब्द आज कॉफीच्या टेबलावर इतक्या सहज येतो, की हा आपल्याच पिढीचा शोध आहे असं वाटावं. म्हणून ही शंभर वर्षांपूर्वीची केस स्टडी नीट बघायला हवी. या दोघांनी नियम ठरवले, पाळलेही, आणि त्यावर पुस्तकंही लिहिली. मग तुटलं कुठे?

तर जरा मागे जाऊ.

रसेलचा जन्म 1872 चा. आजोबा लॉर्ड जॉन रसेल, इंग्लंडचे माजी पंतप्रधान. आईवडील, लॉर्ड आणि लेडी अँबर्ली, त्या काळाच्या मानानं भलतेच पुढारलेले. त्यांच्या घरी डग्लस स्पाल्डिंग नावाचा शिक्षक होता. तो चांगला शास्त्रज्ञही होता, कोंबडीच्या पिल्लांच्या उपजत वर्तनावरचे त्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. पण त्याला क्षय झालेला. अशा माणसानं लग्न करून मुलं होऊ देऊ नयेत, हे अँबर्ली पतिपत्नींना पटलेलं. पण म्हणून त्यानं जन्मभर ब्रह्मचारी राहावं हाही अन्यायच, असं त्यांना वाटलं. मग नवऱ्याच्या संमतीनं लेडी अँबर्लीनं स्पाल्डिंगशी संबंध ठेवले! तर्क अगदी बिनचूक. आईला यात काही आनंद मिळाल्याचा पुरावा मात्र आपल्याला सापडला नाही, अशी मिस्कील नोंद रसेलनं आत्मचरित्रात केली आहे.

आई 1874 मध्ये घटसर्पानं गेली, वडील 1876 च्या जानेवारीत. मुलांचे पालक म्हणून वडिलांनी मृत्युपत्रात दोन नास्तिक नेमले होते, त्यातला एक स्पाल्डिंग. आजीआजोबांनी कोर्टात जाऊन ते रद्द करून घेतलं. आणि बर्ट्रांड वाढला तो कडक, धार्मिक आजीच्या शिस्तीत. म्हणजे रक्तात अँबर्ली आणि संस्कार आजीचे. पुढची सगळी ओढाताण इथूनच सुरू होते असं मला वाटतं.

पहिलं लग्न 1894 मध्ये, अ‍ॅलिस पिअर्सल स्मिथशी. काही वर्षं बरी गेली. मग एके दिवशी सायकलवरून जाताना रसेलला एकदम जाणवलं, की आपलं आता अ‍ॅलिसवर प्रेम नाही. सायकलवर! आणि स्वारी प्रामाणिक. अ‍ॅलिसपासून त्यानं हे फार काळ लपवलं नाही. पण त्यानंतरही जवळजवळ नऊ वर्षं दोघं नवराबायको म्हणून राहिले. अ‍ॅलिसचं प्रेम कधी संपलंच नाही. 1911 मध्ये लेडी ऑटोलाइन मॉरेल त्याच्या आयुष्यात आली आणि तो घराबाहेर पडला.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवू, पुढे लागेल. खरं बोलून रसेलच्या मनावरचं ओझं उतरलं असेल, पण ते नाहीसं झालं नाही. ते अ‍ॅलिसच्या मनावर गेलं, आणि तिनं ते वर्षानुवर्षं वागवलं.

आता डोरा. डोरा ब्लॅकचा जन्म 1894 चा, म्हणजे रसेलच्या पहिल्या लग्नाच्या सालातला. बावीस वर्षांचं अंतर. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजची हुशार मुलगी, आधुनिक भाषांमध्ये पहिल्या वर्गात आलेली. आणि बाई कुणाच्या मागे मागे चालणारी नव्हती. 1920 मध्ये दोघं रशियाला गेले तेही वेगवेगळे. रसेल क्रांती बघून हादरून परतला, डोरा तीच क्रांती बघून भारावून! एकाच देशाबद्दल इतकं टोकाचं मतभेद असलेलं जोडपं त्यानंतर एकत्र चीनला गेलं, लग्न न करता. पेकिंगमध्ये रसेलला न्यूमोनिया झाला, इतका की तो मेल्याची बातमीही छापून आली. डोरानं सेवा करून त्याला उभं केलं. परतताना ती गरोदर होती.

डोराला लग्न नकोच होतं. लग्नसंस्था म्हणजे बाईच्या पायातली बेडी, हे तिचं स्पष्ट मत. रसेलला मात्र मूल औरस हवं होतं. मोठा भाऊ फ्रँक अर्ल होता आणि त्याला मूल नव्हतं, म्हणजे किताब पुढे बर्ट्रांडकडे आणि मग त्याच्या मुलाकडे जाणार. कायद्याच्या लेखी अनौरस मुलाला यातलं काही मिळत नव्हतं. शेवटी डोरानं ऐकलं. 27 सप्टेंबर 1921 ला लग्न, 16 नोव्हेंबरला मुलगा जॉनचा जन्म. 1923 च्या डिसेंबरात मुलगी केट.

म्हणजे बघा, मालकी न मानणाऱ्या या दोघांनी लग्न केलं ते मुलाला बापाचं नाव कायद्यानं मिळावं म्हणून. हा धागा धरून ठेवा.

पुढची काही वर्षं दोघांच्याही कामाची. डोरा 1924 मध्ये चेल्सीमधून मजूर पक्षातर्फे पार्लमेंटची निवडणूक लढली आणि हरली (त्याआधी रसेल दोनदा तिथूनच हरला होता). त्याच वर्षी तिनं सहकाऱ्यांबरोबर कामगार बायकांसाठी संततिनियमनाची चळवळ उभी केली. खाणीत काम करण्यापेक्षा बाळंतपण चौपट धोक्याचं आहे, हा त्यांचा मुद्दा होता. मागणी साधी होती: सरकारी दवाखान्यात विवाहित बाईला गर्भ कसा टाळायचा हे डॉक्टरांनी सांगावं. खुद्द मजूर पक्षाच्या मंत्र्यानं नकार दिला. 1930 मध्ये कुठे सरकारनं थोडी ढील दिली.

1927 च्या सप्टेंबरात दोघांनी ससेक्समध्ये बीकन हिल नावाची शाळा काढली. मुलांना मुक्त वाढवायचं, प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची. पैसे कमी पडत, म्हणून रसेल अमेरिकेत व्याख्यानं देत फिरायचा. आणि याच काळात दोघांचीही बाहेर प्रकरणं होत होती. लपवाछपवी नव्हती. करार पाळला जात होता.

1929 मध्ये रसेलचं 'मॅरेज अँड मॉरल्स' आलं. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: जुनी नीती उभी आहे ती मूल नक्की कुणाचं या काळजीवर. गर्भनिरोधनामुळे प्रेम आणि मूल या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. तेव्हा बाहेरचा संबंध एवढ्या एका कारणावरून घर मोडू नये. लग्न मुलांसाठी टिकवावं, आणि आवर घालायचाच तर प्रेमाला न घालता मत्सराला घालावा.

थिअरी म्हणून सुंदर आहे. पण पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची नजर आधी गृहीतकांवर जाते. इथे एक मोठं गृहीतक आहे: बाहेरच्या संबंधातून मूल होणार नाही.

आणि नेमकी तीच केस आली. डोराला आणखी मुलं हवी होती, पण रसेलकडून आता ती होतील असं दिसत नव्हतं. ग्रिफिन बॅरी हा अमेरिकन पत्रकार तिच्या आयुष्यात होता. रसेलचं पुस्तक ताजं होतं, तो स्वतः अमेरिकेत व्याख्यानं देत होता, तेव्हा डोराला दिवस गेले. तिनं त्याला कळवलं. त्याचं उत्तरही तत्त्वाला धरूनच, समजूतदारपणाचं होतं. जुलै 1930 मध्ये हॅरिएट जन्मली, 1932 मध्ये रॉडरिक. दोघं ग्रिफिनची.

पण कागदावर समजूत दाखवणं वेगळं आणि घरात रांगणारं मूल वेगळं. पुढे आत्मचरित्रात रसेलनं मान्य केलं, की आपल्याकडून आपण जितक्या क्षमाशीलतेची अपेक्षा केली तितकी ती आपल्यात नव्हतीच. 1930 च्या उन्हाळ्यात मुलांना सांभाळायला ऑक्सफर्डची एक विद्यार्थिनी आली, पॅट्रिशिया स्पेन्स, सगळे तिला 'पीटर' म्हणत. रसेल तिच्या प्रेमात पडला. 1931 मध्ये भाऊ वारला आणि रसेल अर्ल झाला. म्हणजे जो किताब लग्नाचं निमित्त ठरला होता तो घरात आला, तेव्हा लग्न मोडायला आलं होतं! 1932 मध्ये तो निघून गेला.

मग चूक कुणाची? इथे दोन्ही बाजूंनी हिरीरीनं भांडता येतं. रसेलच्या बाजूनं: प्रेमाची मुभा दिली होती, दुसऱ्याच्या मुलांचा बाप होण्याचं ओझं फार मोठं होतं. डोराच्या बाजूनं: ठरलं काय होतं? बाहेर काहीही झालं तरी घर मोडायचं नाही. डोरानं काही लपवलं नाही आणि ती घर सोडूनही गेली नाही. घर सोडलं रसेलनं, तेही दुसऱ्या, तरुण मुलीसाठी. आणि मूल हवंसं वाटणं हा काही गुन्हा नव्हे. मला विचाराल तर करार डोरानं पाळला, रसेलनं मोडला. पण तो करार पाळण्याजोगा होता का, हा प्रश्न उरतोच. मत्सर ताब्यात ठेवू असं लिहून देणं आणि खरंच ठेवणं यात जे अंतर आहे, ते रसेलसारख्या तर्कशास्त्र्यालाही आधी मोजता आलं नाही.

आता कायद्याची गंमत पहा. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये घटस्फोटाचं जवळजवळ एकच कारण चालायचं: व्यभिचार. पण अर्ज करणाऱ्यानं स्वतःही तेच केलं असेल, किंवा जोडीदाराच्या प्रकरणाला संमती दिली असेल, तर घटस्फोट नाकारला जाऊ शकायचा. म्हणजे बायकोला फसवणाऱ्याची केस सोपी. एकमेकांना सगळं सांगून, संमती देऊन राहिलेल्यांची अवघड! प्रकरण रखडत 1935 मध्ये संपलं, आणि 1936 च्या जानेवारीत रसेलनं पीटरशी लग्न केलं.

हे वाचून "इंग्रज पण ना!" म्हणून हसू नका. आपल्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 23 काढून बघा. जोडीदाराच्या व्यभिचाराला तुमची साथ किंवा मूक संमती असेल, किंवा तुम्ही तो माफ केला असेल, तर त्या कारणावर घटस्फोट मिळत नाही. आणि दंडसंहितेचं कलम 497? त्यात नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नाही. बायकोच्या संमतीला मात्र किंमत शून्य. सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं 27 सप्टेंबर 2018 ला. योगायोग असा, की रसेल-डोराच्या लग्नाची तारीखही 27 सप्टेंबरच.

आणि आपल्या मुंबईत त्याच काळात काय चाललं होतं? डोराच्या लग्नाच्या वर्षी, 1921 मध्ये, गणिताच्याच एका प्राध्यापकानं संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. र. धों. कर्वे. शाळा निघाली त्याच 1927 मध्ये, जुलैत, त्यांचं 'समाजस्वास्थ्य' निघालं. या विचारांपायी नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. मासिक तरीही 1953 पर्यंत निघत राहिलं. स्त्रीपुरुष संबंधांवर कर्व्यांची लेखणी रसेलइतकीच मोकळी होती.

असो. रसेलला या पुस्तकाचा हिशेब 1940 मध्ये पुन्हा द्यावा लागला. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनं त्याला प्राध्यापक म्हणून नेमलं, एका नागरिक बाईनं दावा लावला, आणि न्यायाधीशानं त्याच्या लिखाणाकडे बोट दाखवून नेमणूक रद्द केली. शिकवायचं होतं तर्कशास्त्र आणि गणित! दहा वर्षांनी, 1950 मध्ये, त्याला साहित्याचं नोबेल मिळालं.

डोरानं शाळा एकटीनं 1943 पर्यंत चालवली. मोठा मुलगा जॉन 1950 च्या दशकात गंभीर मानसिक आजारानं खचला, तेव्हा त्याला पुढे कॉर्नवॉलच्या घरी सांभाळलं ते डोरानंच. मुलगी केट मोठी होऊन चक्क श्रद्धाळू ख्रिश्चन झाली आणि नवऱ्याबरोबर मिशनच्या कामासाठी युगांडाला गेली. वडिलांवर तिनं 1975 मध्ये पुस्तक लिहिलं. प्रेमानंच लिहिलं आहे, पण बीकन हिलबद्दलचं दुःखही त्यात आहे: शाळेत सगळी मुलं सारखी, म्हणून आईवडिलांनी आपल्या मुलांना वेगळी माया दाखवायची नाही. पुन्हा तेच. तत्त्व बरोबर, आणि त्याची किंमत मोजणारं भलतंच कुणीतरी.

म्हणून प्रयोग फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. खोटं बोलून पन्नास वर्षं टिकलेली कितीतरी लग्नं त्या काळात होती, त्यांच्यावर कुणी खटला भरला नाही. या दोघांनी निदान आपलं गणित फळ्यावर, सगळ्यांसमोर मांडलं. चुकलं तेव्हा ते कुठे चुकलं हे आपल्याला दिसलं. आज कुणी जोडपं असा करार करायला बसलं, तर मी त्यांना दोन प्रश्न आधी सोडवायला सांगेन. "सगळं सांगायचं" हे ठरलं, पण ऐकणाऱ्यानं ते ऐकून काय करायचं? आणि या सगळ्यात मूल आलं तर ते कुणाचं? रसेल आणि डोरानं पहिला प्रश्न सुटलाय असं धरलं आणि दुसरा येणार नाही असं. पुढे दोन्ही एकदमच आले.