दोन औंस माती

माती खाऊन झाड वाढतें, ही समजूत फार जुनी. अॅरिस्टॉटलच्या मतें मुळें हें वनस्पतीचें तोंड आणि पृथ्वी हें तिचें जठर. ही समजूत तराजूंत घालून पाहिली ती ब्रसेल्सच्या व्हान हेल्माँट या वैद्यानें. भट्टींत वाळविलेली २०० पौंड माती कुंडींत भरून त्यानें तींत विलोचें, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातभाईचें, ५ पौंडांचें रोप लावलें आणि पांच वर्षें केवळ पावसाचें अथवा ऊर्ध्वपातित पाणी घातलें. धूळ पडूं नये म्हणून कुंडीवर सच्छिद्र पत्रा बसविला. अखेरीस झाड भरलें १६९ पौंड व सुमारें ३ औंस. माती पुनः वाळवून तोलली, तों घट अवघी दोनएक औंसांची! लांकूड, साल, मुळें हीं सारीं पाण्यापासूनच झालीं, असा निर्णय त्यानें दिला. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्यें छापला गेला.

हवेकडे त्याचें लक्ष गेलें नाहीं याची मौज वाटते. कारण ‘गॅस’ हा शब्द त्याचाच. परंतु मुळांपुरती खरी गोम त्या किरकोळ घटींत होती, आणि ती त्यानें हिशेबांत धरली नाहीं. त्याचा निर्णय मानावा, तर शेतांत खत घालणारा कुणबी वेडा ठरतो.

लंडनच्या जॉन वुडवर्डनें निरनिराळ्या पाण्यांत पुदिना वाढविला. १६९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत बागेची माती कालविलेल्या पाण्यांतील रोपें निव्वळ पाण्यांतल्या रोपांहून जोमदार निघालीं. शोषलेलें बहुतेक पाणी पानांवाटे उडून जातें, हेंहि त्यानें ताडलें. पुढें १८०४ मध्यें जिनीव्हाच्या द सोस्यूरनें दाखविलें कीं, मुळें पाणी आणि क्षार सारख्या प्रमाणांत घेत नाहींत; एक क्षार अधिक, दुसरा कमी. म्हणजे मूळ ही नुसती वात नव्हे. १८६० च्या सुमारास जर्मनींत साक्स आणि क्नोप यांनीं मातीवांचून, क्षारांच्या द्रावणांतच झाडें वाढविलीं, तेव्हां वाद मिटला.

पाणी मूलरोमांत शिरतें तें मुख्यतः आंतील रस बाहेरील पाण्याहून दाट असल्यामुळें, आणि वरून पानांची ओढ असल्यामुळें. क्षारांचें तसें नाहीं. पालाश मुळांच्या पेशींत मातींतील पाण्याच्या कितीतरी पट सांठलेला असतो. उताराविरुद्ध तो आंत घेण्यास पेशींना शक्ति खर्चावी लागते, आणि ती शक्ति श्वसनांतून येते. पाणी तुंबलेल्या शेतांत पीक पिवळें पडतें त्याचें एक मोठें कारण हेंच: मुळांना प्राणवायु मिळत नाहीं, आणि भोंवतीं क्षार असूनहि तीं उपाशी राहतात.