पावकी-निमकीपासून ‘वीस तीन’पर्यंत : गणित-अध्यापनातील एक जुना प्रश्न

गणिताच्या अध्यापनाचा विचार करताना आपण पाठ्यक्रम, परीक्षा आणि निकाल यांविषयी पुष्कळ बोलतो. मुलाच्या तोंडचा शब्द, त्याच्या पाटीवरील अंक आणि त्याच्या घरचा व्यवहार या तिहींचा मेळ बसतो की नाही, हा प्रश्न मात्र मागे राहतो. बेळगावसारख्या ठिकाणी, जेथे मूल घरी मराठी आणि बाजारात कन्नड ऐकत वाढते, तेथे तर तो अधिकच निकडीचा आहे. म्हणून या स्मृतिव्याख्यानासाठी त्या प्रश्नाचाच थोडा इतिहास निवडला आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) मंगलाचरणानंतर लगेच बेरीज-वजाबाकी येत नाही. आधी नाणी, वजने व मापे यांची परिभाषा येते : वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. मोजावयाची वस्तू आधी आणि मोजण्याची रीत नंतर, असा हा क्रम आहे.

पंतोजींच्या शाळेनेही तो आपल्या परीने पाळला. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर तेथे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, मुलांकडून घोकून घेतला जाई. आज ही नावे ऐकून नव्या पिढीला हसू येईल; परंतु रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे सोळा छटाक आणि मणाचे चाळीस शेर अशा जगात पाव आणि अर्धा हेच रोजच्या हिशेबाचे आधार होते. दीड आणा शेर या भावाने साडेसात शेर धान्याची किंमत किती? दिडकी येणारा मुलगा म्हणे, सात दिढे साडेदहा, वर अर्ध्या शेराचा पाऊण आणा; एकूण सव्वाअकरा आणे. पाटीला हात लावण्याचे कारणच पडत नसे.

या पद्धतीचे दोषही लहान नव्हते. छडीच्या धाकाने पाठ झालेल्या पाढ्यात ‘असे का?’ या प्रश्नाला फारशी जागा नसे. १८२०च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली आणि पुढे छापील पुस्तक व लेखी रीत यांचा शाळेत हळूहळू जम बसला. तोंडी हिशेब आणि लेखी गणित ही दोन्ही त्यानंतर दीर्घकाळ एकाच वर्गात शेजारी शेजारी नांदली.

त्यांची फारकत घडविली ती दशमान पद्धतीने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि अवघ्या पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेराची जागा किलोग्रॅमने घेतली. सुधारणा इष्टच होती. आणेवारी गेल्यावर औटकी घोकण्यात अर्थ उरला नाही, हेही खरे. परंतु पाढ्याबरोबर अपूर्णांकाशी असलेली मुलाची घरगुती ओळखही गेली आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवावे, हे शाळांच्या ध्यानी आले नाही. अर्धा अधिक एक-तृतीयांश म्हणजे दोन-पंचमांश, असे उत्तर वर्गात वारंवार मिळते. अर्ध्या भाकरीत भर घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी होईल, ही शंका त्या मुलाला येत नाही, कारण कागदावरील अपूर्णांक त्याला भाकरीचा वाटतच नाही. वास्तविक पाव, पाऊण, सव्वा हे शब्द घड्याळाने अजून जिवंत ठेवले आहेत. दशमान पद्धत घड्याळापर्यंत पोहोचली नाही. शिक्षकाने त्यांचा उपयोग का करू नये?

शब्द आणि अंक यांचा दुसरा वाद २०१९ साली महाराष्ट्रात उद्भवला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असे वाचन सुचविले गेले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांची भूमिका अशी की, ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी उच्चारला जातो, लिहिताना मात्र दोन आधी येतो. हा उलटा क्रम काही मुलांना अडवतो. एकोणतीसमध्ये तर नऊ ऐकूच येत नाही. भाषा बिघडते, असा आक्षेप घेऊन मोठा गदारोळ झाला.

कर्नाटकातील मराठी शाळांना ते पुस्तक लागू नव्हते. तथापि आपल्या मुलांच्या कानांवर ‘वीस तीन’ वेगळ्या रूपाने नेहमीच पडत आले आहे. कन्नडमधील ‘इप्पत्तमूरु’ म्हणजे शब्दशः वीस-तीन; ‘इप्पत्तोंबत्तु’ म्हणजे वीस-नऊ. हैदराबादेतील मराठी मूल तेलुगूत हाच क्रम ऐकते. सीमाभागातील द्विभाषिकता ही मराठी शाळेची अडचण म्हणून सांगितली जाते. संख्यावाचनाच्या बाबतीत मात्र ती हाताशी असलेले साधन आहे.

तेवीस हा शब्द टाकून द्यावा, असे मला वाटत नाही. त्या शब्दांत आपल्या भाषेची शतकांची घडण आहे आणि मुलाला बाजारात, घरात, वडीलधाऱ्यांत वावरायचे आहे. परंतु पहिली-दुसरीच्या शिक्षकाने दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या पुढ्यात ठेवून मुलाला तीच संख्या मराठीत आणि कन्नडमध्ये म्हणावयास लावावी आणि नंतरच ती पाटीवर लिहून घ्यावी. जुन्या शाळेत मोजायची वस्तू होती, पण कारण नव्हते. नव्या शाळेत कारण आहे, पण वस्तू दूर गेली आहे. दोन्ही एका तासिकेत आणण्याचे काम कोणत्याही पाठ्यपुस्तक मंडळावर सोपविता येणार नाही. ते वर्गातील शिक्षकालाच करावे लागेल, आणि त्यासाठी त्याला अभ्यासक्रम संपविण्याच्या घाईतून थोडी मोकळीक देणे हे शाळेचे व पालकांचे काम आहे.