टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध? आरओ, यूव्ही, यूएफ की उकळणं, निवड कशी करायची?

वॉटर प्युरिफायरचा डेमो बऱ्याच घरांनी पाहिलेला असतो. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या की मिनिटभरात नळाचं पाणी तांबूस-काळपट होतं, आरओचं मात्र तसंच राहतं. घरातले घाबरतात आणि हजारो रुपयांचं मशीन बुक होतं.

प्रत्यक्षात ही पाण्यातली घाण नसते, तो कांड्यांचा गंज असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने त्यातून वीज वाहते, लोखंडी कांडी झिजते आणि लोखंड पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी, म्हणून वीज जवळपास वाहतच नाही. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं तर तेही पाणी रंग बदलेल.

मग पाणी शुद्ध करण्याची पद्धत निवडायची कशी?

टीडीएस मीटर काय सांगतो आणि काय नाही?

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ. यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असे क्षार येतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार टीडीएस लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंतची मुभा आहे.

पण पेनासारखा दिसणारा हा मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. फ्लोराइड किंवा नायट्रेट किती आहे, हेही तो वेगळं सांगू शकत नाही. म्हणजे १०० टीडीएसचं पाणी पिऊन जुलाब होऊ शकतात आणि ६०० टीडीएसचं पाणी चवीला जड असलं तरी जंतूमुक्त असू शकतं.

आरओचं पाणी म्हटलं की ते सुरक्षितच, असंही नाही. २०२५च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रोड परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम म्हणजेच जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने पाण्याचे नमुने तपासले. पाणी पिण्यायोग्य नसल्याचं आढळल्यावर काही खासगी आरओ प्लांटवर कारवाई झाली. शुद्ध केलेलं पाणीही पुढे टाकीत किंवा जारमध्ये पुन्हा दूषित होऊ शकतं. त्यात क्लोरीन शिल्लक नसेल तर जंतूंना अडवणारं काहीच उरत नाही.

कोणत्या पाण्याला कोणती पद्धत?

आपल्या पाण्यात नेमकं काय आहे, यावर पद्धत ठरते.

१. पाणी गढूळ असेल: आधी गाळ काढायला हवा. तुरटी फिरवल्यावर गाळ खाली बसतो, पण तुरटीने जंतू मरतात असं समजू नका. निवळलेलं पाणी गाळून उकळा किंवा त्यात क्लोरीन टाका.

२. जंतूंची भीती असेल: यावर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे उकळणं. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून ठेवा. क्लोरीनचे थेंब वापरत असाल तर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा आणि अर्धा तास थांबून मगच पाणी प्या.

३. नळाला धरणाचं, टीडीएस कमी असलेलं पाणी येत असेल: यूव्ही किंवा यूएफ पुरेसं ठरतं. यूव्हीचा दिवा जंतू निष्क्रिय करतो, पण त्याला वीज लागते आणि पाणी नितळ लागतं. यूएफची चाळणी बहुतेक जंतू अडवते आणि अनेक यूएफ फिल्टर विजेशिवाय चालतात. दोन्हींनी क्षार कमी होत नाहीत.

४. पाणी खारट असेल किंवा फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक जास्त असेल: इथे आरओची खरी गरज असते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं भूजल खारट आहे, तर चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरमागे दीड मिलीग्रॅम आहे. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर दात आणि हाडं खराब होतात. असं पाणी उकळून उपयोग नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण वाढतं.

सगळ्यांनीच आरओ घेतला तर काय बिघडलं?

घरगुती आरओमधून एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना अनेकदा दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं. शिवाय आरओ चांगले-वाईट पाहत नाही, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही काढून टाकतो. याच कारणांमुळे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते.

घरी आरओ असेलच तर त्याचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला किंवा संडासात वापरा. बोअरचं पाणी खारट असेल तर ते झाडांना घालू नका.

पाणी कुठे तपासायचं?

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांमध्ये पाण्याची तपासणी होते. गावात ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करा. शहरात महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला विचारा. रासायनिक आणि जैविक अशा दोन्ही तपासण्या सांगा. जैविक तपासणीसाठी निर्जंतुक बाटलीच लागते, ती प्रयोगशाळेतून घ्या. बोअर किंवा विहीर असेल तर पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी करा.

मशीन घेतल्यावर काय?

कँडल, मेम्ब्रेन आणि यूव्हीचा दिवा ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो. म्हणून घेतानाच वर्षाच्या देखभालीचा खर्च विचारून घ्या. सोसायटीची टाकी अस्वच्छ असेल तर आधी ती धुऊन घ्या. आणि विक्रेत्याने मीटर पुढे केलाच, तर त्याला एवढंच विचारा: यात जंतू किती आणि फ्लोराइड किती, ते दिसतं का?